अपडेटनंतर गाडी चार्ज का होत नाही?

संध्याकाळी गाडीने नवं सॉफ्टवेअर अपडेट घेतलं, रात्री नेहमीसारखी चार्जिंगची गन लावली आणि सकाळी पाहिलं तर बॅटरी होती तिथेच. कुणाचं चार्जिंग सुरू होऊन दोन मिनिटांत बंद पडतं. कुणाला काल सात तासांत होणाऱ्या कामाला आज अकरा तास लागतात. कुणाची गाडी घरी नीट चार्ज होते, पण हायवेवरच्या फास्ट चार्जरला लावली की एरर दाखवते. इलेक्ट्रिक गाडी घेतलेल्यांना या तक्रारी आता नव्या राहिलेल्या नाहीत. त्यात खोळंबा होतो तो वेगळाच, पण त्याहून मोठा मनस्ताप पुढे असतो. सर्व्हिस सेंटर म्हणतं चार्जर खराब आहे, चार्जरवाला म्हणतो दोष गाडीत आहे, वायरमन म्हणतो वायरिंग उत्तम आहे, आणि मालक तिघांकडे हेलपाटे घालत राहतो.

हे हेलपाटे कमी करायचे तर चार्जिंग कसं होतं ते मालकाला स्वतःला माहीत असायला हवं. त्यासाठी इंजिनिअर असण्याची गरज नाही. कोण कुणाला काय सांगतं आणि ते सांगणं कुठे अडतं, एवढं कळलं तरी निम्मा प्रश्न सुटतो.

गनमधली बारीक पिन

पेट्रोल भरताना टाकी पंपाला काही विचारत नाही. इलेक्ट्रिक गाडीत मात्र वीज वाहू लागण्याआधी गाडी आणि चार्जर यांच्यात ठरावीक क्रमाने बोलणं होतं आणि दोघांची संमती झाल्याशिवाय वीज सुटत नाही.

आपल्याकडच्या आजच्या बहुतेक इलेक्ट्रिक कारना टाइप-टू सॉकेट असतो. त्यात सात पिनांच्या जागा असतात. पाच जाड: तीन फेज, एक न्यूट्रल, एक अर्थिंग. उरलेल्या दोन बारीक. त्यांतल्या एकीवरून केबल किती अँपिअर सोसू शकते हे समजतं. दुसरीला कंट्रोल पायलट म्हणतात आणि घरच्या चार्जिंगचं सगळं बोलणं हिच्यावरून चालतं.

गन मोकळी असते तेव्हा चार्जर पायलटवर १२ व्होल्ट ठेवतो. गन गाडीत बसली की गाडीतला एक रेझिस्टर त्या तारेला जोडला जातो आणि दाब ९ व्होल्टवर येतो. गाडी आली, हे चार्जरला यावरून कळतं. मग तो त्या तारेवर सेकंदाला एक हजार पल्स सोडू लागतो. गाडी आपली तयारी तपासते आणि आणखी एक रेझिस्टर जोडते. दाब ६ व्होल्टवर उतरतो. 'मी तयार आहे, वीज सोड' असा त्याचा अर्थ. लगेच चार्जरमधला रिले लागतो आणि शांत पार्किंगमध्ये त्याचा 'टक्' असा आवाज स्पष्ट ऐकू येतो.

हा आवाज ध्यानात ठेवण्यासारखा आहे. गन लावल्यावर तो आलाच नाही, तर बोलणी पूर्ण झाली नाहीत असं समजावं. तो आला आणि काही वेळाने पुन्हा तसाच आवाज होऊन चार्जिंग थांबलं, तर वीज सुरू झाल्यावर कुणीतरी माघार घेतली आहे. हे दोन वेगळे बिघाड आहेत आणि तक्रार सांगताना हा फरक सांगता आला तर मेकॅनिकचा बराच वेळ वाचतो.

पल्सच्या रुंदीतून चार्जर आणखी एक गोष्ट सांगतो: जास्तीत जास्त किती करंट घ्यायचा. पल्स शंभरातला किती टक्के वेळ चालू आहे त्या आकड्याला ०.६ ने गुणलं की अँपिअर मिळतात. साधारण २७ टक्के म्हणजे १६ अँपिअर, ५३ टक्के म्हणजे ३२ अँपिअर. ही वरची मर्यादा झाली. गाडीने तिच्यापेक्षा जास्त घ्यायचं नाही, कमी घेतलं तर चालतं.

किती कमी घ्यायचं हे गाडीचं सॉफ्टवेअर ठरवतं, आणि अकरा तासांचं कोडं बऱ्याचदा इथेच सुटतं. समजा बॅटरी ४० युनिटची आहे आणि ती २० टक्क्यांवरून ८० टक्क्यांवर न्यायची आहे. म्हणजे २४ युनिट हवेत. २३० व्होल्टच्या सॉकेटवरून १५ अँपिअर घेतले तर ताकद सुमारे ३.४ किलोवॉट होते आणि सात तास लागतात. अपडेटनंतर सेटिंगमधली करंटची मर्यादा १० अँपिअरवर आली असेल, तर ताकद २.३ किलोवॉट होते, वेळ साडेदहा तासांवर जातो आणि वाटेत वाया जाणारी वीज धरली की अकरा तास होतात. यात काहीही मोडलेलं नसतं. गाडीच्या स्क्रीनवर चार्जिंगचे किलोवॉट दिसतात. ते वॉटमध्ये करून २३० ने भागले की गाडी किती अँपिअर घेते ते कळतं. उदाहरणार्थ २.३ किलोवॉट म्हणजे २३०० वॉट, भागिले २३०, म्हणजे १०.

फास्ट चार्जरची लांबलचक बोलणी

घरात येणारी वीज एसी असते आणि बॅटरीला डीसी लागते. घरी हे रूपांतर गाडीतला ऑनबोर्ड चार्जर करतो. भिंतीवरची पेटी म्हणजे निरोप देणारा आणि संरक्षण करणारा स्विच असतो. फास्ट चार्जरमध्ये रूपांतर बाहेरच्या यंत्रात होतं आणि डीसी वीज थेट बॅटरीकडे जाते. त्यामुळे बॅटरीला या क्षणी किती व्होल्ट आणि किती अँपिअर हवेत हे गाडीला बाहेरच्या यंत्राला सतत सांगावं लागतं. नुसत्या व्होल्टच्या चढउतारात एवढा मजकूर मावत नाही.

फास्ट चार्जरच्या सीसीएस-टू प्रकारच्या गनमध्ये टाइप-टूच्या खाली डीसीच्या दोन जाड पिना जोडलेल्या असतात. पायलटची तार तीच. मात्र चार्जर तिच्यावर पाच टक्के रुंदीची पल्स ठेवतो आणि त्याचा अर्थ होतो, 'पुढचं बोलणं डिजिटल'. मग त्याच तारेवरून संदेशांची देवाणघेवाण सुरू होते. आधी कुठली गाडी कुठल्या गनला लागली आहे याची खात्री होते, कारण शेजारी दुसरी गन आणि दुसरी गाडी असू शकते. मग गाडी आपली मर्यादा सांगते: इतके व्होल्ट, इतके अँपिअर, बॅटरी इतकी भरलेली. गन लॉक होते. चार्जर केबलचं इन्सुलेशन तपासतो. त्यानंतर तो आपल्याकडचा दाब बॅटरीच्या दाबाजवळ आणून ठेवतो, नाहीतर दोन्ही जोडताना करंटचा मोठा झटका बसेल. मगच गाडीतले कॉन्टॅक्टर, म्हणजे बॅटरीचे मोठे स्विच, जोडले जातात. चार्जिंग संपताना हेच उलट क्रमाने होतं. करंट शून्यावर येतो, कॉन्टॅक्टर सुटतात, एखादा चिकटून तर बसला नाही ना हे पाहिलं जातं आणि शेवटी गनचं लॉक उघडतं.

या प्रत्येक पायरीला ठरलेली मुदत असते. मुदतीत उत्तर आलं नाही की समोरचा चार्जिंग रद्द करतो. स्क्रीनवर येणाऱ्या 'कम्युनिकेशन एरर' किंवा 'टाइमआउट' या सूचना बहुधा याच्याच असतात. अपडेटमुळे गाडीतला एखादा कॉम्प्युटर उत्तर द्यायला थोडा जास्त वेळ घेऊ लागला, तर एका कंपनीचा चार्जर ते चालवून घेतो आणि दुसरा सोडून देतो. म्हणून तीच गाडी एका ठिकाणी चार्ज होते आणि पुढच्या ठिकाणी अडते.

या बोलण्याचे नियम डीआयएन ७०१२१ आणि आयएसओ १५११८ या मानकांत लिहिलेले आहेत. नियम एकच असले तरी ते वाचून प्रोग्रॅम लिहिणारे अनेक असतात आणि बारकाव्यांचा अर्थ प्रत्येक जण थोडा वेगळा लावू शकतो. सीसीएसचा प्रसार करणारी चारिन ही संघटना यासाठी वेगवेगळ्या कंपन्यांच्या गाड्या आणि चार्जर एकत्र आणून एकमेकांना लावून पाहण्याचे मेळावे भरवते. आपल्याकडे पुण्याच्या एआरएआयसारख्या संस्था चार्जरची तपासणी करतात. पण तपासणी झाल्यावरही दोन्हीकडची सॉफ्टवेअर बदलत राहतात. सार्वजनिक चार्जर आतल्या सिममधून कंपनीच्या सर्व्हरशी जोडलेला असतो आणि त्यालाही अपडेट येतात. तेव्हा बिघाड अपडेटमुळे झाला हे खरं असलं, तरी ते अपडेट गाडीचंच होतं हे गृहीत धरू नये.

अपडेट नेमकं काय बिघडवतं

गाडीत एकच कॉम्प्युटर नसतो. बॅटरीवर लक्ष ठेवणारी बीएमएस, ऑनबोर्ड चार्जर, फास्ट चार्जरशी बोलणारा कंट्रोलर, गाडीचा मुख्य कंट्रोलर, सिम असलेलं टेलिमॅटिक्स युनिट आणि समोरची स्क्रीन, या प्रत्येकाचं सॉफ्टवेअर वेगळं. चार्जिंगला यांतले बहुतेक लागतात. बिघाड साधारण पाच जागी होतो.

पहिली जागा सेटिंग. चार्जिंगची मर्यादा ८० टक्के, करंट कमी, ठरावीक वेळीच चार्जिंग, असे पर्याय अपडेटनंतर मूळ जागी जातात किंवा नव्याने सुरू होतात. वेळेची गफलत ओळखायची एक खूण आहे. भारताची वेळ जागतिक प्रमाणवेळेच्या साडेपाच तास पुढे आहे. रात्री ११ ला लावलेलं चार्जिंग पहाटे साडेचारला सुरू होत असेल, तर गाडी तुमचा आकडा जागतिक वेळेनुसार वाचते आहे.

दुसरी जागा अर्धवट अपडेट. सहांपैकी चार कॉम्प्युटर नवे झाले, दोन जुनेच राहिले, आणि त्यांचं एकमेकांशी जुळेनासं झालं. हे मालकाला दुरुस्त करता येत नाही. सर्व्हिस सेंटरला लॅपटॉप लावून सगळ्यांची आवृत्ती तपासावी लागते.

तिसरी जागा १२ व्होल्टची छोटी बॅटरी. हिच्याकडे सगळ्यांचं दुर्लक्ष होतं, पण मोठ्या बॅटरीचे कॉन्टॅक्टर ओढून धरायला वीज लागते ती हिची. अपडेट चालू असताना गाडीतले कॉम्प्युटर बराच वेळ जागे राहतात आणि छोटी बॅटरी आधीच थकलेली असेल तर ती खाली येते. मग मोठी बॅटरी भरलेली असूनही गाडी ना चालू होते, ना चार्जिंग घेते.

चौथी जागा कडक झालेली तपासणी. नव्या सॉफ्टवेअरने अर्थिंग, व्होल्टेज किंवा तापमानाची परवानगीची हद्द आवळली, तर काल चालणारं सॉकेट आज नापास होतं. अशा वेळी गाडीला दोष देण्याआधी अर्थिंग मोजून घ्यावं. कच्चं अर्थिंग आधीपासून असतं, अपडेट ते फक्त उघड करतं.

पाचवी जागा टक्केवारीचा हिशोब. आपल्याकडच्या अनेक गाड्यांत एलएफपी, म्हणजे लिथियम आयर्न फॉस्फेट प्रकारची बॅटरी असते. तिच्या सेलचा दाब मधल्या मोठ्या टप्प्यात ३.२ ते ३.३ व्होल्टच्या आसपास जवळजवळ स्थिर राहतो, त्यामुळे नुसता दाब मोजून बॅटरी किती भरली हे सांगता येत नाही. बीएमएस आत आलेल्या आणि बाहेर गेलेल्या करंटची बेरीज-वजाबाकी ठेवते. अपडेटनंतर हा हिशोब नव्याने मांडला गेला की टक्के एकदम खाली-वर होतात किंवा ९९ वर बराच वेळ अडकतात. गाडीच्या पुस्तिकेत सांगितल्याप्रमाणे स्लो चार्जरवर एकदा १०० टक्के भरू दिलं की हिशोब सहसा जागेवर येतो.

बिघाड कोणता आणि मुद्दाम घातलेला आवर कोणता

काही वेळा अपडेटमुळे कमी झालेलं चार्जिंग ही चूक नसते. कंपनीने ते मुद्दाम केलेलं असतं. जनरल मोटर्सने नोव्हेंबर २०२० मध्ये शेव्हरोले बोल्ट या गाडीच्या काही बॅटऱ्यांना आगीचा धोका असल्याचं जाहीर केलं आणि पहिला उपाय म्हणून सॉफ्टवेअरने त्यांचं चार्जिंग ९० टक्क्यांवर रोखलं. पुढे रिकॉल, म्हणजे गाड्या परत बोलावणं, सगळ्या बोल्ट गाड्यांपर्यंत वाढवून बॅटरीचे भाग बदलून देण्यात आले. मालकांना गैरसोय झाली, पण कारण त्यांना सांगितलेलं होतं.

टेस्लाचं उदाहरण उलट आहे. २०१९ च्या अपडेटनंतर मॉडेल एसच्या काही मालकांच्या लक्षात आलं की बॅटरीचा कमाल दाब घटला आहे, गाडी पूर्वीइतकं अंतर जात नाही आणि चार्जिंगही मंदावलं आहे. ते अमेरिकेत कोर्टात गेले आणि २०२१ मध्ये १,७४३ गाड्यांसाठी १५ लाख डॉलरची तडजोड झाली. विकलेल्या गाडीची क्षमता न विचारता, न सांगता कमी केली तर त्याची किंमत मोजावी लागते, हे त्यातून दिसलं.

अपडेट हाच उपाय असतो अशीही वेळ येते. २०२४ मध्ये ह्युंदाईने भारतातल्या १,७४४ आयोनिक-५ आणि कियाने १,१३८ ईव्ही-६ गाड्या परत बोलावल्या. त्यांच्या चार्जिंग कंट्रोल युनिटमधल्या दोषामुळे १२ व्होल्टची बॅटरी उतरण्याचा धोका होता आणि दुरुस्तीत सॉफ्टवेअरचा वाटा मोठा होता. म्हणून त्रास होतो या भीतीने सगळीच अपडेट टाळणं शहाणपणाचं नाही. रिकॉलचं आणि सुरक्षेचं अपडेट लांबवू नये.

घरच्या घरी तपास

तपासाचा नियम एकच: एका वेळी एकच गोष्ट बदलायची.

आधी सेटिंग पाहा. मर्यादा, करंट, वेळापत्रक. वेळापत्रक पूर्ण बंद करून लगेच चार्ज होतं का ते बघा. नसेल होत तर गन काढा, गाडी लॉक करा, चावी दूर ठेवा आणि तासभर तिला शांत राहू द्या. आतले कॉम्प्युटर झोपून पुन्हा जागे झाले की अडकलेली बोलणी नव्याने सुरू होतात.

मग तीच गाडी दुसऱ्या चार्जरला लावा, आणि त्याच चार्जरला दुसरी गाडी. सोसायटीत आणखी कुणाकडे इलेक्ट्रिक कार असेल तर हे काम दहा मिनिटांचं आहे. तुमची गाडी सगळीकडे अडते आणि शेजाऱ्यांची तुमच्या चार्जरवर चालते, तर दोष गाडीत. दोन्ही गाड्या तुमच्या चार्जरवर अडतात, तर दोष चार्जरमध्ये किंवा वायरिंगमध्ये. घरी सगळं ठीक आणि फक्त फास्ट चार्जरवर अडतं, तर ऑनबोर्ड चार्जर निर्दोष आहे आणि शोध डिजिटल बोलण्यात घ्यायचा. फास्ट चार्जर चालतो आणि घरचा नाही, तर ऑनबोर्ड चार्जर, घरचं अर्थिंग किंवा व्होल्टेज.

गन अडकली तर ओढाताण करू नका. आधी चार्जिंग थांबवा, गाडी अनलॉक करा, थोडं थांबा. अनेक गाड्यांत आपत्कालीन दोरी किंवा कळ असते, तिची जागा पुस्तिकेत दिलेली असते.

एक गोष्ट मात्र जिवावर बेतणारी आहे. पोर्टेबल चार्जर अर्थिंगची एरर दाखवतो म्हणून काही वायरमन सॉकेटमध्ये न्यूट्रल आणि अर्थ एकत्र जोडून देतात. दिवा हिरवा होतो, चार्जिंगही सुरू होतं. पण मागे कुठे न्यूट्रल तुटली तर गाडीच्या पत्र्यातच वीज उतरते आणि हात लावणाऱ्याला झटका बसतो. असं कुणालाही करू देऊ नका. एक्स्टेंशन बोर्डवरूनही गाडी चार्ज करू नका.

तक्रार कशी नोंदवावी

'अपडेटनंतर चार्ज होत नाही' एवढंच सांगितलं तर उत्तरही तेवढंच मोघम मिळतं. अपडेटची तारीख, आधीची आणि नंतरची सॉफ्टवेअर आवृत्ती, एररचा फोटो, चार्जरचा प्रकार, 'टक्' झालं की नाही, किती मिनिटांनी थांबलं आणि वरच्या अदलाबदलीतून काय दिसलं, हे एका कागदावर लिहून द्या. जॉब कार्डवर तक्रार तुमच्या शब्दांत लिहून घ्या. गाडी परत घेताना काय बदललं आणि आता कुठली आवृत्ती आहे हे लेखी मागा.

दाद मिळाली नाही तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा १९१५ हा क्रमांक आहे आणि ग्राहक संरक्षण कायदा २०१९ खाली ग्राहक आयोगाकडे जाता येतं. मोटार वाहन कायद्यात २०१९ च्या दुरुस्तीने आलेलं कलम ११०-अ तर फारच उपयोगी आहे. माणसांना किंवा पर्यावरणाला हानी पोहोचवू शकणाऱ्या एकाच दोषाची तक्रार ठरावीक प्रमाणात मालकांनी केली, तर केंद्र सरकार त्या गाड्या परत बोलावण्याचा आदेश देऊ शकतं. त्यासाठी तक्रार नोंदलेली असावी लागते. तोंडी भांडणांची कुठेच मोजणी होत नाही.

पुढच्या अपडेटआधी

लांबच्या प्रवासाच्या आदल्या रात्री अपडेट घेऊ नका. गाडी घरी उभी असताना, बॅटरी निम्म्याहून जास्त भरलेली असताना घ्या. आधी चार्जिंगच्या सेटिंगचे आणि आवृत्तीच्या पानाचे फोटो काढून ठेवा. अपडेट झाल्यावर त्याच दिवशी घरी एकदा आणि शक्य झालं तर जवळच्या फास्ट चार्जरवर एकदा गाडी लावून पाहा. छोटी बॅटरी तीन-चार वर्षांची झाली असेल तर सर्व्हिसमध्ये आठवणीने तपासून घ्या.

गाडी कंपन्यांकडेही एक मागणं आहे. अपडेटच्या सूचनेत 'काही सुधारणा केल्या आहेत' एवढ्यावर भागवू नका. चार्जिंगमध्ये काय बदललं, कुठली मर्यादा कमी-जास्त झाली, कुठलं सेटिंग पुन्हा पाहावं लागेल, हे साध्या भाषेत, मराठीतसुद्धा, लिहा. गाडी विकत घेतलेल्या माणसाला तिच्यात काय बदललं हे जाणून घेण्याचा हक्क आहे. आणि मालकांनी तो हक्क दर अपडेटला, लेखी, मागून घ्यावा.